उतार

गेल्या श्रावणात पुण्याहून आमचा नातू आला. माझ्या चुलत भावाच्या मुलाचा मुलगा. वय बावीस. बापानं नुकतीच चारी चाकं ओढणारी नवी गाडी घेतलेली. उंच, काळी, पुढनं बघितली की रेडा उभा असल्यासारखी. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "आजोबा, मळ्यात जायला ओढ्यातनं वाट आहे ना? पुलावरनं नको, ओढ्यातनं जाऊ. व्हिडिओ काढायचाय."

आत वहिनी भाकरी थापत होत्या. त्याची सख्खी आजी. थापायचा आवाज बंद झाला.

मी म्हटलं, "जाऊ. पण आधी चालत जाऊन बघू."

त्या ओढ्याचा आणि आमच्या घराचा एक जुना हिशेब आहे. तो पोराला कुणी सांगितला नव्हता. "आजोबा पुरात गेले" एवढंच त्याला ठाऊक. हा हिशेब नीट मांडायचा तर जीप-ट्रॅक्टरच्या आधीपासनं, बैलगाडीपासनं सुरुवात करावी लागते.

आमचं गाव कृष्णाकाठचं, वाळवा तालुक्यातलं. गाव आणि मळा यांच्या मधनं ओढा जातो आणि पुढं अर्ध्या कोसावर कृष्णेला मिळतो. पुलावरनं जायचं तर सात किलोमीटरचा वळसा. त्यामुळं पिढ्यान् पिढ्या आमची ये-जा उताराची. शहरातल्या वाचकाला उतार म्हटलं की घाट आठवेल. नदीकाठाला उतार म्हणजे जिथं पाणी उथळ, तळ मुरमाड, आणि माणूस, जनावर, गाडी पार होते ती जागा. पूल नव्हते तेव्हा रस्ते उतार शोधत जायचे.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पाण्याचे दोन प्रकार सांगायचे. एक लोंढ्याचं पाणी. डोंगराकडं पाऊस कोसळला की दोन तासांत ओढा गढूळ होऊन धावत येतो. हे पाणी कमी असलं तरी ओढतं. पण लवकर उतरतंही. दुसरं फुगीचं पाणी. कृष्णा चढली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागं तुंबतं. हे पाणी देवळातल्या समईगत शांत दिसतं, पण कमरेएवढं वाटलं तर डोक्यावरनं असतं, आणि आठ-आठ दिवस हलत नाही. "लोंढ्याला वेळ द्यावा, फुगीला वळसा द्यावा," हे आबांचं सूत्र. त्यात सगळं शहाणपण आलं.

बैलगाडी पाण्यात घालायची एक रीत होती. आधी एक माणूस काठी घेऊन उतरायचा. काठी पुढं टेकवून मगच पाऊल. गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर भरली गाडी, मांडीपर्यंत असेल तर रिकामी, त्याच्या वर असेल तर गाडी काठालाच. बैलांच्या जुपण्या सैल करून ठेवायच्या, म्हणजे वेळ आलीच तर एका हिसक्यात बैल मोकळे होतात. गाडीपेक्षा बैल महाग आणि बैलापेक्षा माणूस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बैल थांबला तर त्याला मारायचं नाही. बैलाच्या खुराला तळ कळतो. मुरूम संपून गाळ लागला की तो पाय मागं घेतो. आबा म्हणायचे, "त्याला चार पाय हाईत आणि चारींत डोकं हाय."

जुन्या लाकडी चाकाचाही फायदा होता. आऱ्यांमधनं पाणी निघून जायचं, लोखंडी धाव तळ धरून ठेवायची. चिखलात मात्र तीच धाव सुरीसारखी आत जायची. काळ्या रानातली पावसाळ्यातली पाणंद ज्यानं बघितली नाही, त्याला चिखल म्हणजे काय ते कळायचं नाही. वरनं पाय ठेवला की घोट्यापर्यंत, उचलायला गेलं की गुडघ्यापर्यंत. काळी माती नुसती धरत नाही, ती ओढून घेते. चप्पल तिथंच राहते आणि पाय तेवढा बाहेर येतो. मग टायरची गाडी आली, डनलॉप म्हणायचो आम्ही. ती चिखलावरनं हलकी चालायची. पण टायरात हवा, त्यामुळं पाण्यात तिचं चाक तळावर बसायचं नाही, उचलल्यागत व्हायचं. टायरची गाडी आली तशी एक गोष्ट माझ्या कानावर पडायला लागली: "आता काय, ह्यातनं बी जातंय की!" पुढं आयुष्यभर मी प्रत्येक नव्या वाहनाच्या वेळी हेच वाक्य ऐकलं. एकदा माझ्याच तोंडून.

जीप मी पहिल्यांदा बघितली ती आठ-नऊ वर्षांचा असताना. कुठल्या तरी खात्याचे साहेब मळ्याकडच्या विहिरी बघायला आले होते. अख्खा गाव ओढ्याला लोटला. ही गाडी मुळात शेतासाठी किंवा साहेबांसाठी केलेली नव्हती. अमेरिकेनं ती 1941 पासून लष्करासाठी मोठ्या संख्येनं बनवायला घेतली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा तयार झाल्या. आपल्याकडं 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत त्या जोडायला सुरुवात केली आणि मग हळूहळू सरकारी खाती, साखर कारखाने, निवडणुकीचे प्रचारवाले यांच्या दिमतीला त्या खेड्यापाड्यांत आल्या. चारी चाकांना ताकद, म्हणजे मागची दोन रुतली तर पुढची दोन ओढतात. आम्हाला ती जादूच वाटली.

पण त्या जीपचा ड्रायव्हर जुना, बहुतेक लष्करातनं आलेला असावा. त्यानं आधी काठावर गाडी थांबवली. बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढला, पुढच्या जाळीला ओलं गोणपाट बांधलं. आबांनी विचारलं, "हे कशापायी?" तो म्हणाला, "पेट्रोलचं इंजन ठिणगीवर चालतं. पंखा पाणी उडवतो, ठिणगी विझते, मधेच गाडी बंद." मग त्यानं पँट दुमडली, स्वतः पाण्यात उतरून पलीकडं जाऊन आला, आणि पहिल्या गिअरमधी, न थांबता, न पळवता गाडी काढली. आबा घरी येऊन म्हणाले, "बैलाची रीत ठाऊक हाय त्याला."

दुसऱ्या वर्षी दुसरा ड्रायव्हर आला. तरणा. त्यानं काही केलं नाही, सरळ जोरात घातली. पाण्याचे दोन पंख उडाले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि बरोबर मध्यावर जीप गप झाली. चार बैलजोड्या लावून ती काढली. पुढं म्हणं गिअरच्या डब्यातलं ऑइल ताकासारखं पांढरं निघालं. तापलेला डबा गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि फटीफटीतनं पाणी ओढून घेते, हे मला पुढं स्वतःचा ट्रॅक्टर झाल्यावर मिस्त्रीनं समजावलं.

तालुक्याच्या वाचनालयात महायुद्धाची पुस्तकं मी पुष्कळ वाचली. त्यांतली एक गोष्ट मनात रुतून बसली. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं, तेव्हा रणगाड्यांना ताडपत्रीचे उंच पडदे लावून ते समुद्रात तरंगवत न्यायचे ठरलं होतं. सरावात ते तरंगलेही होते. पण त्या सकाळी समुद्र खवळलेला. ओमाहा नावाच्या किनाऱ्यासमोर एका तुकडीचे 29 रणगाडे पाण्यात सोडले. त्यांतले 27 बुडाले. एवढ्या मोठ्या सैन्याजवळ काय इंजिनियर नव्हते? होते. यंत्र तेच होतं, त्या दिवसाचं पाणी वेगळं होतं. उतार काल होता म्हणून आज असतोच असं नाही, हे आबांना बिनबुकाचं कळत होतं.

आमच्या घरात ट्रॅक्टर आला 1979 साली, कर्ज काढून. पस्तीस हॉर्सपॉवरचा. मी वीस वर्षांचा, दहावी होऊन शेतात रमलेलो, आणि घरात स्टेअरिंग धरणारा पहिला. डिझेलच्या इंजनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळं जीप जिथं बंद पडायची तिथनं ट्रॅक्टर धूर काढत निघून जायचा. मागची चाकं माणसाच्या छातीला लागणारी. चार पावसाळे मी त्या ओढ्यातनं असा गेलो, की गावाला सवयच झाली. पाण्यात काठी घेऊन उतरणं बंद झालं. काठी कशाला, ट्रॅक्टर आहे की!

आज कळतं ते असं. प्रत्येक नवं वाहन माणसाला मागच्यापेक्षा हातभर जास्त खोल पाण्यात नेतं. म्हणून जेव्हा ते अडकतं, तेव्हा हातभर जास्त खोल पाण्यात अडकतं. बैलगाडी अडकायची ती काठाजवळ, कारण बैल पुढं जायचाच नाही. इंजनाला नको म्हणता येत नाही. ते नको म्हणायचं काम माणसावर येऊन पडतं, आणि त्या वयाच्या माणसाला तेच जमत नाही.

1983 चा श्रावण. मळ्यात भुईमुगाची भांगलण चालली होती. अकरा बायका, त्यांत आमच्या वहिनी. दुपारी डोंगराकडं आभाळ फाटलं. आमच्याकडं चार थेंब पडले, पण पाच वाजता ओढ्याला लोंढा आला. बायकांना घरी न्यायला मी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून काठावर उभा. दादा, म्हणजे माझा चुलत भाऊ, आबांचा थोरला मुलगा, मडगार्डवर बसलेला. आबा काठावर येऊन पाण्याकडं बघून म्हणाले, "लोंढा हाय. दोन तासांत उतरंल. थांबा."

मी म्हटलं, "ह्यातनं बी जातंय की, आबा."

दादानं पण मला थांबवलं नाही. तोही अठ्ठावीसचाच होता. घरी तीन वर्षांचं पोरगं वाट बघत होतं.

बायकांना ट्रॉलीत बसा म्हटलं. सगळ्यांत म्हातारी बाई होती ती पाण्याकडं बघत खाली बसली आणि म्हणाली, "मी न्हाय बसत. माझा जीव मला जड झाल्याला न्हाय." ती बसली तशा सगळ्याच बसल्या. मला राग आला. बायकांसमोर माघार कशी घ्यायची? म्हटलं, रिकामी नेऊन दाखवतो, मग तरी बसतील.

मध्यापर्यंत गेलो. पाणी ट्रॉलीच्या तळाला लागलं आणि वीतभर वर चढलं. आणि मग मागनं एक विचित्र हलकेपणा जाणवला. ट्रॉली ओढायचं ओझं एकदम गेलं. मला वाटलं, पिन तुटली. मागं बघितलं तर ट्रॉली तरंगत होती. ती हळूहळू, अगदी म्हशीनं मान वळवावी तशी, पाण्याच्या दिशेनं वळली. आणि वळता वळता ट्रॅक्टरचं मागलं अंग आडवं ओढायला लागली. दादा ओरडला, "पिन काढतो!" आणि मडगार्डवरनं मागं उतरला. पुढचं मला नीट सांगता येत नाही. ट्रॅक्टर एका बाजूला कलला, मी पाण्यात फेकला गेलो, करंजाच्या मुळीला हात लागला. दादाला लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओढ्याच्या तोंडाशी सापडले.

वहिनी काठावर होत्या. त्यांनी सगळं बघितलं.

मला त्यानंतर कित्येक रात्री एकच प्रश्न पडायचा: एवढी लोखंडाची ट्रॉली तरंगली कशी? मग एका रात्री कॅलेंडरच्या मागं हिशेब केला. ट्रॉली दहा फूट लांब, सहा फूट रुंद. साठ चौरस फूट तळ. वीतभर म्हणजे पाऊण फूट पाणी चढलं, पंचेचाळीस घनफूट झाले. एक घनफूट पाण्याचं वजन 28 किलो. म्हणजे साडेबाराशे किलो वजन पाण्यानं खालनं उचललं. रिकाम्या ट्रॉलीचं वजन तेवढंच. टायरातली हवा वेगळीच. सातवी-आठवीत शाळेत शिकलेलं गणित. पेपरात आलं असतं तर मी सोडवलं असतं. ओढ्याच्या काठावर ते गणित आहे हेच मला दिसलं नाही.

हेच आजच्या मोटारीचं. दारं-खिडक्या बंद केलेली गाडी म्हणजे हवेनं भरलेला डबा. एक घनमीटर पाणी सरकवलं की ती हजार किलोनं हलकी होते. दीड-दोन टनाची गाडी अशी हलकी झाली की चाकांना धरायला तळ राहत नाही. चारी चाकं ओढणारी असोत नाहीतर आठ, तळालाच लागली नाहीत तर ओढणार काय? वाहतं पाणी दोन फूट असलं तरी ते बहुतेक गाड्या नेऊ शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. आणि इंजन हवा घेतं त्या नळीतनं पाणी आत गेलं, तर हवा दबते तसं पाणी दबत नाही. आतले दांडे वाकतात आणि इंजन जागेवर मरतं. मग बंद पडलेल्या गाडीत बसून सुरू करायला किल्ली फिरवत राहणं म्हणजे उरलेलं इंजन हातानं मोडणं.

चिखलाची गोष्ट वेगळी, पण तिथंही माणसं मेली. शेजारच्या गावात एका ऊसहंगामात ट्रॅक्टर ओल्या रानात रुतला. ड्रायव्हरनं मागच्या दोन्ही चाकांना लाकडाचा ओंडका आडवा बांधला, म्हणजे चाक ओंडक्यावर चढून बाहेर येईल. बऱ्याच जणांनी असं काढलेलं असतं. पण ओंडका जागचा हलला नाही, आणि चाक फिरू शकलं नाही की इंजनाची ताकद जायची कुठं? ती ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलते. डोळं मिटून उघडेपर्यंत ट्रॅक्टर पाठीवर उलटला आणि ड्रायव्हर खाली सापडला. साखळी ड्रॉबारला न बांधता वर, आखाच्या वरच्या अंगाला बांधून ओढायला गेलं तरी हेच होतं. आणि ताणलेला तारेचा दोर तुटला की चाबकासारखा येतो. तेव्हा बघ्यांनी लांब उभं राहावं. रुतलेलं काढायचं तर आधी फावडं घ्यावं, चाकापुढची माती काढावी, उसाचा पाला-दगड घालावा, ट्रॉली सोडावी. तासभर जातो. तासच जातो.

ट्रॅक्टर वाईट, असं मी म्हणणार नाही. 2019 च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या ऑगस्टात कृष्णा-वारणाकाठी उसाच्या ट्रॉल्यांतनंच कितीतरी म्हातारी माणसं, लेकरं बाहेर काढली. आमच्या गावातही काढली. मी साठीचा, स्टेअरिंगवर नव्हतो. मी पुढं काठी घेऊन चालत होतो. काठी जिथं मांडीच्या वर बुडाली, तिथं मी हात वर केला आणि ट्रॅक्टर थांबला. तिथनं पुढं काहील आणि होडी. गुळाची काहील पुराच्या पाण्यात होडीसारखी चालते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. उशीर झाला म्हणून पोरं चिडली. चिडू देत.

तर त्या दिवशी नातवाला घेऊन ओढ्यावर गेलो. जाता जाता त्याला हे सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. "पाण्यात गाडी मी घातली होती," हेही सांगितलं. तो काही बोलला नाही. काठावर आल्यावर त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि माझ्या हातातली काठी मागून घेतली.

पाणी लोंढ्याचं नव्हतं, फुगीचंही नव्हतं. निवळ होतं, गुडघाभर दिसत होतं. मला मनातनं वाटलं, आज काही नाही, जाईल गाडी. पोरगं काठी टेकवत चाललं. दहा पावलं मुरूम. अकराव्या पावलाला काठी खाली जातच राहिली. त्याचा तोल गेला, मी मागनं शर्ट धरला.

उन्हाळ्यात तिथनं यंत्र लावून कुणीतरी वाळू-मुरूम उपसून नेला होता. माझ्या पणजोबापासनं ठाऊक असलेला उतार, तिथं आता पुरुषभर खड्डा. मी काठाला राहतो, मलाही माहीत नव्हतं.

आम्ही पुलावरनं सात किलोमीटर फिरून मळ्यात गेलो. पावटा बघितला, ऊस बघितला. पोरानं व्हिडिओ काढला नाही.

संध्याकाळी दारात गाडी थांबली. वहिनी उंबऱ्यावरच उभ्या होत्या. त्यांनी आधी गाडीच्या चाकांकडं बघितलं. कोरडी होती. मग नातवाला विचारलं, "पुलावरनं आलास न्हवं?"

"व्हय आजी," तो म्हणाला. पुण्यात वाढलेल्या पोराच्या तोंडून व्हय मी पहिल्यांदाच ऐकलं.

वहिनी माझ्याकडं वळल्या. बेचाळीस वर्षांत त्यांनी मला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारलेला नाही. आताही विचारला नाही. म्हणाल्या, "भावजी, हातपाय धुवा. भाकरी गार व्हाया लागलीया."